आवणी जुलैत, आंतरवासिता डिसेंबरात

महोदय,

शाळेत शेती शिकवावी की नको, यावर वर्तमानपत्रांत अधूनमधून पत्रे येतात. मी ती शिकवून आले आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या एका शाळेत, नववीच्या वर्गाला, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका म्हणून. तक्रार विषयाबद्दल नाही, तारखांबद्दल आहे.

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात (हीच आंतरवासिता), त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. आमच्या महाविद्यालयाने हे सोळा आठवडे नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ठेवले. इतिहास किंवा इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्याने काही फरक पडला नाही. माझी पदवी बी.एस्सी. कृषी, म्हणून मला नववीचा शेती हा व्यावसायिक विषय मिळाला, आणि त्यात पहिलेच प्रकरण निघाले भाताचे. डिसेंबरात ठाणे जिल्ह्यात भात असतो तो खळ्यावर नाहीतर कणगीत.

शाळेमागे, पाण्याची टाकी आणि कुंपण यांच्यामध्ये, जेमतेम गुंठाभर जागा आहे. तिथे पाऊस थांबला की दगड वर येतात. म्हणून पहिला पाठ वर्गातच घेतला, बियाणे निवडण्याचा. मुरबाडहून मामांनी नव्या हंगामाचे किलोभर भात पाठवले होते. मिठाच्या पाण्याची प्रक्रिया कुणाही कृषी पदवीधराला झोपेत विचारली तरी सांगता येते: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात बी ओतायचे, पोचट दाणे तरंगतात, भरलेले तळाला बसतात. पाठाच्या टाचणात मी ते बरोबर लिहिले होते. पण टेबलावर ठेवले एक लिटरचे चंचुपात्र, आणि मीठ मात्र मोजले 300 ग्रॅम. मागच्या बाकावर महाविद्यालयातून आलेले निरीक्षक. मी बी ओतले. एकूण एक दाणा वर! वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटले हीच जादू.

येऊरच्या पाड्यावरचा एक मुलगा दुसऱ्या रांगेत बसतो. तो तेवढा हसला नाही. म्हणाला, ‘बाई, सगळंच पोचट कसं निघंल? मीठ जास्त झालंय.’ मग शिपाईमामांकडून बादली आणली, चंचुपात्र तीत रिकामे केले आणि मुलांनी मोजून नऊ लिटर पाणी ओतले. दाणे एकेक करत खाली बसू लागले, वर उरले मूठभर पोचट. प्रमाण म्हणजे काय हे त्या दिवशी वर्गाला कळले तसे माझ्या कुठल्याच तक्त्याने कळले नसते. ते बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे असते, पण तोवर घंटा झाली. निरीक्षण तक्त्यावर शेरा आला: फलकलेखन अपुरे, संकलन (पाठाच्या शेवटची उजळणी) झाले नाही.

पुढच्या महिन्यात भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली नियंत्रित लावणी घ्यायची होती. सुधारित दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटूनपालटून खुणा असतात, त्या खुणांवर रोपे लावायची, मग चार रोपांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी खोचायची. चिखल नाही, रोप नाही. मी सभागृहाच्या लादीवर खडूने रेघा मारल्या आणि रोपांच्या जागी चिंचोके ठेवायला दिले. गोळी म्हणून शेंगदाणे. (शेंगदाणे पाठ संपेपर्यंत टिकले नाहीत.) या पाठाला मला सर्वांत जास्त गुण पडले, शैक्षणिक साधनाच्या रकान्यात. तोच मुलगा नंतर टेबलाशी येऊन म्हणाला, ‘पाण्यात खुणा दिसत नाय बाई. दोन्ही टोकांना माणूस लागतो, नायतर दोरी सरकते.’ हे मला माहीत नव्हते. पदवीच्या चार वर्षांत दोरीचे टोक माझ्या हातात आले नव्हते, मी नेहमी रोप लावणाऱ्यांच्या रांगेत.

शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी मला मग हजेरीपट काढून दाखवला. जुलैच्या पानावर पाड्यावरच्या सहा-सात मुलांच्या नावापुढे आठ-दहा दिवस सलग लाल खुणा. आवणीला (भाताच्या लावणीला) घरी होती. म्हणजे ज्या पंधरवड्यात ही मुले रोज चिखलात उभी राहून भात लावत होती, त्या पंधरवड्यात ती शाळेच्या लेखी गैरहजर. आणि डिसेंबरात ती हजर झाली तेव्हा मी त्यांना लादीवर चिंचोके मांडायला शिकवत होते! बाईंचे स्वतःचे निराळेच. त्या एजन्सीमार्फत कंत्राटावर आहेत, दर वर्षी नवा आदेश. गेल्या जूनमध्ये आवणात (भाताच्या रोपवाटिकेत) राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून पेरणी व्हायच्या दिवसांत त्यांचा आदेश आलेला नव्हता, म्हणून त्या घरी होत्या.

आता माझे साधे गणित. आपल्याकडचे हळवे, म्हणजे लवकर येणारे, भात पेरणीपासून साधारण 110 ते 120 दिवसांत कापणीला येते. आमचे 16 आठवडे म्हणजे 112 दिवस. जूनच्या मध्याला छात्राध्यापक शाळेत आला, तर तो मुलांबरोबर पेरेल, आवणी करील, निसवताना (लोंबी बाहेर पडताना) पाहील आणि दसऱ्याच्या आगेमागे विळा हातात धरील. एक पीक, एक आंतरवासिता. यासाठी नवा शासन निर्णय नको, की जादा निधी नको. शाळा वाटून देणाऱ्याने कॅलेंडर पाहिले की झाले. पाड्यावरच्या मुलांची आवणीची रजा त्या आठवड्यात शेतीचे प्रात्यक्षिक म्हणून धरता येईल, छात्राध्यापकाने तिथेच जावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये लिहिले आहे की 2025 पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी. लादीवरची ओळख त्यात धरली असेल, तर आम्ही ती करून दिली आहे.

निरीक्षणाचा तक्ताही शेतीसाठी वेगळा असावा. बांधावर फळा नसतो.

रंगाच्या चार रिकाम्या बादल्यांत जानेवारीत आम्ही ते निवडलेले बी पेरले होते. थंडीने रोपे रेंगाळली. मी मार्चमध्ये निघाले तेव्हा नुकते फुटवे धरत होते. नंतर परीक्षा, मग सुट्टी. शिपाईमामांनी दोन बादल्या जगवल्या, त्यांत लोंब्याही धरल्या, असे त्यांनी फोनवर सांगितले. भरलेल्या की पोचट, ते मात्र अजून कुणी पाहिलेले नाही.

शाळांचे वाटप पुढच्या तुकडीसाठी याच महिन्यात होते, म्हणून हे पत्र आत्ता. माझा निकाल अजून लागायचा आहे, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

— एक छात्राध्यापिका, कळवा, ठाणे