अग्निसंस्कार झालेल्यांसाठीही एक मेणबत्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर जवळ आला की वसईतल्या चर्चच्या दफनभूमीत साफसफाई सुरू होते. गवत काढतात, क्रुसांना रंग लागतो. २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर झेंडू आणि मेणबत्त्या असतात, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. माझी वहिनी त्या दिवशी फाटकाच्या आत येत नाही. माझा थोरला भाऊ मे २०२१ मध्ये करोनाने गेला. देह दवाखान्यातून थेट स्मशानभूमीत नेला, तिथे अग्निसंस्कार झाला. घरातले आम्ही सगळेच विलगीकरणात होतो, राख आणायलाही कोणी जाऊ शकले नाही.

"भावोजी, मातीच दिली नाही, तर उठायचं कुठून?" हा तिचा प्रश्न. एका प्रार्थनासभेत कुणीतरी तिला सांगितले होते की जाळलेल्या देहाला पुनरुत्थान, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेल्यांतून पुन्हा उठणे, नाही. आणखी कुणी 'आत्मा तर अमर, देहाचं काय एवढं' म्हणून समजूत घातली. पहिले सरळ चुकीचे आहे. दुसरे कानाला बरे लागते, पण ख्रिस्ती धर्माचे सांगणे तेवढेच नाही.

आमच्याकडे देह म्हणजे टाकून द्यायचे जुने वस्त्र नव्हे. श्रद्धांगीकारात, म्हणजे आमचा विश्वास सांगणाऱ्या प्रार्थनेत, आम्ही शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे असे म्हणतो. मरणानंतर आत्मा देवापुढे जातो, हे खरेच. शेजारच्या क्रुसावर खिळलेल्या चोराला येशूने "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असे सांगितले. पण माणूस पुरा होतो तो देहासकट. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला. 'आत्मा अमर आहे' एवढे लाजराच्या बहिणीला, मार्थाला, सांगून त्याला मोकळे होता आले असते, तो तसा झाला नाही. म्हणून मी म्हणतो, वहिनीचे दुःख अश्रद्धेतून आलेले नाही. देहाला मोल आहे हे जिला लहानपणापासून शिकवले, तिचे ते दुःख आहे. त्याला 'श्रद्धा ठेव' एवढेच उत्तर पुरत नाही.

मग राखेचे काय? हा प्रश्न करोनाने आणलेला नाही. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये, हाच त्यामागचा हेतू होता. ख्रिस्तसभा त्यांना आजही संत मानते.

संत मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. घर समुद्रापार, आफ्रिकेत. परक्या मुलखात देह ठेवायची भीती वाटत नाही का, असे कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, देवाला काहीच दूर नाही, शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचे ते त्याला ठाऊक असेल. मुलांकडे मागणे एकच केले, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने हे लिहून ठेवले आहे. मी हे सांगितले तेव्हा वहिनीने मला ते पुन्हा सांगायला लावले.

आणि पुरलेल्यांचे तरी काय? जागा अपुरी, कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात. मातीशी माती झालेला देह वेगळा कुठे काढता येतो? येशूचा प्रेषित संत पौल याने बायबलमधल्या पत्रात दाण्याचा दाखला दिला आहे: पेरलेले मेल्याशिवाय उगवत नाही. कॉलेजात शिकणारा माझा पुतण्या म्हणतो, दाणा मरतच नाही, त्यात जीव असतो. त्याचे बरोबर आहे. पण पौल शेतीशास्त्र शिकवत नव्हता. दाणा आणि रोप सारखे दिसत नाहीत, तरी रोप त्याच दाण्याचे असते, एवढे त्याला सांगायचे होते. मरणातून उठलेला येशूही शिष्यांना चटकन ओळखू आला नाही, पण हातांवर खिळ्यांचे व्रण तेच होते, आणि त्याने त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. हे कसे घडले ते मी पुतण्याला सिद्ध करून दाखवू शकत नाही. माझा त्यावर विश्वास आहे. आणि या उठण्यावर शंका घेतली म्हणून आपल्या शिष्याला, थोमाला, येशूने दूर लोटले नाही, हेही मी त्याला सांगतो.

कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच अग्निसंस्काराला मुभा दिली. दफन अधिक पसंत, पण दहनाने पुनरुत्थानाला बाध येत नाही, ही शिकवण स्पष्ट आहे. राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असे २०१६ मध्ये सांगितले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये तर अनेकांची राख एका पवित्र जागी एकत्र ठेवायलाही रोमने परवानगी दिली, अट एवढीच की प्रत्येकाचे नाव तिथे नोंदलेले असावे. नाव पुसले जाऊ नये, यावर भर आहे.

वसईतल्या सर्व फादरांना आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे. येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी, ज्यांना आपल्या मातीत जागा मिळाली नाही त्यांची नावे वाचावीत, आणि कबरींसारखेच तिथेही पवित्र पाणी शिंपडावे. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, अशा नावांची यादी घरोघर फिरून करायला मी तयार आहे. पहिले नाव माझ्या भावाचे असेल, आणि वहिनी त्या दिवशी माझ्यासोबत आत येईन म्हणाली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वसई