जे खरे होते ते सांगितल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सविनय नमस्कार.

दादरच्या पुलावरून उतरताना पाऊल कुठे पडते आहे हे कळेनासे झाले, पायातली चप्पल मागे राहिली तरी पत्ता लागेना, तेव्हा दोन वर्षे मणक्यातली गादी सरकल्याचे उपचार घेत असलेली मी परळला आपल्याकडे आले. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आत चण्याएवढी गाठ आणि तिच्या वरखाली पाण्याने भरलेली पोकळी दिसली. गाठ रक्तवाहिन्यांची, हिमँजिओब्लास्टोमा असावी, कर्करोगाची नव्हे, असे आपण सांगितलेत. घरच्यांना हायसे वाटले. पण इतक्या अरुंद जागेत साधी गाठही पाय कायमचे घेऊन जाऊ शकते, हेही आपण त्याच बैठकीत सांगितलेत.

अशा ठिकाणी शस्त्र लावतातच कसे, असे बाबांनी विचारले. १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ काढली आणि तो रुग्ण पुन्हा चालू लागला, ही हकिकत आपण त्यांना ऐकवलीत, आणि ती गाठ रज्जूच्या बाहेर होती, हिची आत आहे, हे कुणी न विचारता सांगितलेत. त्या वाक्यानंतरच मी संमतीपत्रावर सही केली.

गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आधी बंद करायच्या, रक्त परत नेणारी मुख्य शीर शेवटपर्यंत राखायची आणि गाठ मध्ये न चिरता सबंध सोडवायची, कारण चिरली तर रक्त आवरत नाही, हा क्रम आपण कागदावर काढून दाखवला होतात. तो कागद माझ्याकडे आहे. मेंदूकडून पायांकडे जाणारे संकेत तासन्‌तास पडद्यावर पाहत बसलेल्या तंत्रज्ञ ताईंना मी कधी पाहिले नाही. त्यांना माझा नमस्कार कळवावा.

शुद्धीवर आले तेव्हा पाय आधीपेक्षा जड होते. असे होईल हे आपण आधीच सांगितले असल्यामुळे आई घाबरली, पण खचली नाही. डोळे मिटून तोंड धुताना तोल जायचा. पायांची जाणीव कमी झाली की डोळ्यांना ते काम करावे लागते, असे सांगून फिजिओथेरपिस्ट दादांनी मला फरशीच्या रेषेवरून पुन्हा चालायला शिकवले. ही गाठ कधीकधी व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारात येते म्हणून डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडेही आपण तपासून घ्यायला लावलीत.

आज मी शाळेचे तीन मजले कठड्याला हात लावून चढते. डाव्या तळव्याला ऊनगार अजून कळत नाही, म्हणून आंघोळीचे पाणी आधी हाताने पाहते. पुढच्या महिन्यात एमआरआय घेऊन येईन, तेव्हा बाबाही सोबत असतील. त्यांना आपल्याला प्रत्यक्ष भेटून आभार मानायचे आहेत.

आपली कृतज्ञ,
लालबागची एक शिक्षिका