ट्रेलरची पाण्याची टाकी : मित्रास पत्र

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
दि. १२ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सहलींसाठी गाडीमागे ओढायचा राहता ट्रेलर घेतल्याचा आनंद तुझ्या ओळीओळीत दिसतो आणि वहिनींनी त्या एवढ्याशा ओट्यावर सगळ्यांना पुरतील इतकी थालीपिठे लावली, हे वाचून फार बरे वाटले. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की, ट्रेलर काही आठवडे घरापुढे उभा राहिल्यावर नळाच्या पाण्याला कुबट वास येऊ लागला आणि टाकीत कोणते औषध घालून ठेवावे हे तुला हवे आहे. औषध सांगतो, प्रमाणासह सांगतो. परंतु त्याआधी माझे ठाम मत नोंदवतो. टाकी प्रवासात बिघडत नाही. प्रवासात पाणी रोज वापरले जाते, नवे भरले जाते, सतत हलते राहते. ती बिघडते दोन सहलींच्या मधल्या दिवसांत, आणि त्या दिवसांत तिच्यात औषध घातलेले पाणी ठेवण्यापेक्षा पाणीच न ठेवणे हा खरा उपाय आहे.

असे का, ते नीट समजून घे. तुझ्या नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या घरी येणाऱ्या नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी घातलेल्या क्लोरीनचा थोडा अंश शिल्लक असतो. या देशात पिण्याच्या पाण्यातील त्याची कमाल मर्यादा लिटरमागे ४ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. तेच पाणी तू टाकीत भरून उन्हात उभ्या ट्रेलरमध्ये ठेवलेस की काही दिवसांतच तो अंश उडून किंवा खर्ची पडून नाहीसा होतो आणि मग कोमट, स्थिर, अंधारे पाणी तेवढे उरते. प्रत्येक पाण्यात असणारे थोडेफार जिवाणू आता प्लास्टिकच्या भिंतीला, नळ्यांच्या आतल्या बाजूला, पंपाच्या गाळणीच्या जाळीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. बरेच दिवस न घासलेल्या माठात हात घातल्यावर बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा थर. सुट्या जिवाणूंना थोडे क्लोरीनही पुरते, पण या थराच्या आत बसलेल्यांपर्यंत ते पोचता पोचता संपून जाते. म्हणून थर बसल्यावर औषध शोधण्यापेक्षा तो बसू न देणे सोपे आणि स्वस्त आहे.

भरलेली टाकी आणि बंद गीझर यांकडे मी इतक्या गांभीर्याने पाहतो, त्याला आणखी एक कारण आहे. १९७६ साली फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लिजन या संघटनेचे अधिवेशन भरले होते आणि त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया होऊन काही जण दगावले. पुढल्या वर्षी त्याला कारण असलेला जिवाणू सापडला आणि त्या संघटनेवरून त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. हा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात चांगला वाढतो आणि तो मुख्यतः पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. म्हणजे "आम्ही टाकीचे पाणी पीत नाही, बाटल्या नेतो," एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शॉवर त्याच पाण्याचा असतो. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुझ्याबरोबर प्रवासात वयस्क सासूबाई असतात आणि उतारवयात किंवा फुप्फुसे कमकुवत असताना याचा त्रास अधिक होतो, म्हणून लिहितो.

आता वासाकडे येतो. वास नेमका कुठून येतो हे ठरवल्याशिवाय काहीही ओतू नकोस. एक स्वच्छ पेला घे, त्यात थंड पाणी भर, पेला ट्रेलरबाहेर ने आणि तिथे वास घे. सिंकपाशी उभे राहून घेतलेला वास पुष्कळदा सांडपाण्याच्या नळीतून वर येत असतो आणि बिचाऱ्या टाकीवर नाहक आळ येतो. मग गरम पाण्याचा दुसरा पेला भरून तसेच कर. दोन्ही पेल्यांना कुबट वास असेल, तर दोष टाकीत, नळ्यांत किंवा गाळणीत आहे. फक्त गरम पाण्याला सडलेल्या अंड्यासारखा वास असेल, तर दोष गीझरमध्ये आहे. काही गीझरांची टाकी पोलादाची असते आणि ती गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक दांडी बसवलेली असते. साचलेल्या पाण्यात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जिवाणू तिच्या सान्निध्यात तो दुर्गंधी वायू तयार करतात. तुझ्या गीझरला बाहेरून काढता येणारे मोठे बूच असेल आणि बुचाबरोबर दांडी बाहेर येत असेल, तर तो या प्रकारचा आहे. वास प्लास्टिकचा असेल, तर आधी पाणी भरण्याच्या नळीवर संशय घे.

सहलीहून परत आल्यावर काय करायचे, ते सविस्तर लिहितो, कारण सारे मर्म तिथेच आहे. टाकी घरी येऊन नव्हे, तर शक्य तर परतीला निघताना मुक्कामाच्या जागीच रिकामी कर; चाळीस गॅलन म्हणजे दीडशे लिटर, आणि तेवढे पाणी म्हणजे दीडशे किलो वजन विनाकारण ओढत आणण्यात अर्थ नाही. टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडल्यावर धार थांबली म्हणजे टाकी रिकामी झाली असे समजू नकोस. या टाक्या चपट्या असतात आणि निचऱ्याचे भोक नेहमीच सर्वांत खालच्या बिंदूवर असते असे नाही, त्यामुळे तळाशी पाण्याचा एक थर राहून जातो. ट्रेलरच्या पुढच्या जॅकने नाक थोडे वर किंवा खाली करून पाणी भोकाकडे उतरव. तुझी टाकी कोणत्या बाजूला निचरते हे एकदा खाली वाकून पाहून ठेव, म्हणजे दर वेळी अंदाज करावा लागणार नाही. त्यानंतर थंड आणि गरम पाण्याच्या नळ्यांचे सर्वांत खालचे दोन निचरे उघड, आतले सगळे नळ उघड, शॉवर, संडासाचा फ्लश आणि बाहेरच्या बाजूचा छोटा शॉवरही. हा बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो आणि त्याच्या नळीतले पाणी महिनोन्‌महिने तसेच राहते. शेवटी पंप अर्धा-एक मिनिट चालवून त्याच्या पोटातले पाणी बाहेर काढ, आणि पंपाआधीची पारदर्शक वाटीतली जाळी काढून धू; टाकीतला प्लास्टिकचा कीस आणि बारीक कचरा तिथेच अडकलेला असतो. नळ काही दिवस उघडेच राहू दे, म्हणजे आत हवा खेळेल.

गीझरच्या बाबतीत मात्र घाई करू नकोस. तो बंद करून पाणी पूर्ण निवू दे, वरच्या सुरक्षा व्हॉल्व्हची पट्टी उचलून आतला दाब मोकळा कर आणि मगच बूच काढ. दाबाखालचे कढत पाणी थेट अंगावर येऊ शकते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. कॅम्पग्राउंडमधल्या नळाला ट्रेलर थेट जोडला, की ते पाणी टाकीत न जाता सरळ आतल्या नळांना जाते. पाच दिवस तिथे राहून नळाचे ताजे पाणी वापरले, सगळे छान वाटले, तरी टाकीत मागच्या महिन्याचे पाणी तसेच पडून असू शकते. पुढे तू ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या एल्कमाँट कॅम्पग्राउंडला जाणार आहेस. तिथे ट्रेलरला जोडायला पाण्याचा नळ नाही आणि शॉवरही नाहीत. तिथे पंप सुरू केल्यावर जे पाणी येईल ते टाकीचेच. त्या सहलीला निघण्याआधी टाकीची पूर्ण सफाई झालेली असावी, असा माझा आग्रह आहे.

ही पूर्ण सफाई म्हणजेच तू विचारलेले औषध. ती दर सहलीला नको. वर्षाच्या पहिल्या सहलीपूर्वी, जुना ट्रेलर नव्याने घेतल्यावर, टाकीत पाणी दोनेक आठवडे राहिले असल्यास, किंवा शंकास्पद जागी पाणी भरले असल्यास ती करावी. तुला यातली निदान दोन कारणे आताच लागू आहेत. साधे, सुगंध नसलेले, कपड्यांचे ब्लीच आण. शिंतोडे उडू नयेत म्हणून दाट केलेले किंवा रंगीत कपड्यांसाठीचे चालत नाही. ब्लीच जुने झाले की त्याची शक्ती घटते, म्हणून बाटली नवी असू दे. पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन व्हावे, हे उद्दिष्ट आहे. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधला मुख्य घटक) ५ टक्के असेल, तर टाकीच्या दर लिटरला एक मिलिलिटर, इतका सोपा हिशेब आहे. आता दुकानात बहुधा ७.५ टक्क्यांचे मिळते. तुझी टाकी दीडशे लिटर, गीझर सहा गॅलन म्हणजे तेवीस लिटर, हे धरून त्याचा अर्धा कप, म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर पुरेसे आहे. हे पाणी पिण्याच्या मर्यादेच्या बारापट तिखट आहे, हे घरात सर्वांना सांगून ठेव. आधी पाण्याचे सर्व फिल्टर काढून ठेव, कारण कोळशाचा फिल्टर सगळे क्लोरीन शोषून घेईल. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओत आणि टाकी काठोकाठ भर.

पुढचा भाग तुला नवा नाही. काका ग्रामसेवक असताना विहिरीत टीसीएल पावडरचे, म्हणजे ब्लिचिंग पावडरचे, निवळ सोडून झाल्यावर गावाच्या अगदी टोकाच्या नळाचे पाणी घेऊन क्लोरीन तपासण्याची ओटी टेस्ट करायचे आणि ते पिवळे झाले तरच समाधान मानायचे, हे आपण दोघांनी पाहिले आहे. इथेही मात्रा टाकीत घालायची आणि परीक्षा शेवटच्या नळाला घ्यायची. पंप सुरू करून एकेक नळ, थंड आणि गरम दोन्ही बाजूंनी, क्लोरीनचा वास स्पष्ट येईपर्यंत चालव, बाहेरच्या शॉवरसह. मग ट्रेलर जवळपास थोडा फिरवून आण, म्हणजे पाणी डचमळून टाकीच्या छतालाही लागेल. किमान चार तास ते आत राहू दे. टाकी आणि नळ्यांमध्ये रात्रभर राहिले तरी हरकत नाही. गीझर मात्र चार तासांनी रिकामा कर, कारण तिखट क्लोरीन धातूला चांगले नाही. टीसीएल पावडर मात्र इथे वापरू नकोस. तिचा चुना पंपात बसेल. जलतरण तलावाच्या गोळ्याही नकोत. हे पाणी सोडायचे ते डम्प स्टेशनच्या, म्हणजे ट्रेलरचे सांडपाणी सोडण्याच्या ठरलेल्या जागेच्या, सांडपाण्यात, ओढ्याकाठी किंवा झाडांच्या मुळाशी नव्हे. त्यानंतर ताज्या पाण्याने टाकी भरून, सगळे नळ चालवून पुन्हा रिकामी कर. वास जाईपर्यंत दोन-तीनदा करावे लागते.

व्हिनेगरविषयी तुला कोणीतरी सांगितले आहे, असे दिसते. व्हिनेगरने क्षारांचे पांढरे पापुद्रे निघतात, जंतू भरवशाने मरत नाहीत. ते वापरायचेच असेल, तर वेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाण्याने धुऊन वापर. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवाशीही ब्लीचचा असाच घातक संयोग होतो.

एवढे करूनही टाकीत घाण जाते ती भरताना. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित, बहुधा पांढरी किंवा निळी असते ती नळी वेगळी ठेव. बागेची हिरवी नळी नको आणि सांडपाण्याच्या टाकीजवळ वापरलेली नळी तर कधीच नको. सहल संपल्यावर ती पूर्ण निथळवून तिची दोन्ही टोके एकमेकांत पिळून बंद कर, म्हणजे आत किडे-धूळ जाणार नाही. डम्प स्टेशनपाशी पुष्कळदा दोन नळ असतात, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक धुण्याचा. पाटी वाचल्याशिवाय नळी लावू नकोस. पिण्याच्या नळाचे तोंडही ब्लीचच्या सौम्य पाण्याने पुसून घेत जा, कारण तुझ्या आधी कोणी त्याला काय टेकवले होते, हे आपल्याला माहीत नसते. आणि फिल्टर ओला ठेवून ट्रेलर उभा करू नकोस. ओला कोळसा जिवाणूंना टाकीपेक्षाही अधिक मानवतो.

थंडीबद्दल थोडक्यात. आमच्याकडे येत्या काही आठवड्यांत सगळे गोठेल. तुमच्याकडे तेवढे नाही, पण जानेवारीतल्या एखाद्या रात्री नळी फुटायला पुरेशी थंडी पडते. टाकी आणि गीझर रिकामे कर, गीझरचा बायपास लाव, म्हणजे द्रव गीझरमध्ये न शिरता पुढे जाईल, आणि गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटीफ्रीझ (नळ्या गोठू न देणारा द्रव) पंपाच्या तोंडाला नळी लावून थेट ओढून घे. टाकीत ओतू नकोस, म्हणजे वसंतात ते टाकीतून धुऊन काढण्याचे कष्ट वाचतील. गाडीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते या नळ्यांच्या जवळपासही आणू नकोस. वसंतात गुलाबी पाणी पूर्ण वाहून गेल्यावर लगेच ब्लीचची सफाई कर, कारण उरलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल जिवाणूंचे खाद्य होते.

या शनिवारी दोन पेल्यांची परीक्षा कर आणि काय आढळले ते मला फोनवर सांग. केवळ गरम पाण्यालाच वास असेल, तर ती दांडी काढून तिचे छायाचित्र पाठव. झिजून अर्ध्याहून बारीक झाली असेल, तर नवी बसवावी लागेल आणि बुचाचा पाना कोणत्या मापाचा लागतो, ते मी तुला सांगेन.

वहिनींना व सासूबाईंना माझा नमस्कार सांग, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अनंत