संत्र्याची साल: आधी तेल, मग बाकीचे

मा. संपादक,

महोदय,

आंबिया बहाराची (ऑक्टोबर ते डिसेंबरात येणारी) संत्री उतरली की नागपुरात कळमन्यापासून धरमपेठेपर्यंत ज्यूसच्या गाड्यांमागे सालींचे ढीग साचतात. शंभर किलो फळांचा रस काढला की साधारण निम्मे वजन साल, चोथा आणि बियांच्या रूपाने मागे राहते. ते ओल्या कचऱ्यात मिसळून भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाते आणि वाटेतच आंबते. मग हंगामभर ‘सालीचे सोने करा’ असे सल्ले फिरतात. एक जण पावडर सुचवतो, दुसरा बायो-एन्झाइम (गूळ-पाण्यात आंबवलेली साल), तिसरा थेट पेक्टिनचा, म्हणजे जेली घट्ट करणाऱ्या सालीतल्या पदार्थाचा, कारखाना. एकाच सालीतून तेल, पेक्टिन आणि जनावरांचा चारा असे तिन्ही निघू शकते. अट एकच: क्रम हाच ठेवायचा. तो उलटला की पुढचे प्रत्येक काम बिघडते. त्या क्रमाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात वेळेपासून. रस काढताना साल चेंबते आणि तिच्यातले पेक्टिन मोडणारे विकर (एन्झाइम) तिथेच कामाला लागते. नागपूरच्या ऑक्टोबरातल्या उन्हात गोणीत दाबून ठेवलेली ओली साल काही तासांत गरम लागू लागते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर हिरवी-निळी बुरशी दिसते. अशा सालीचे तेल कमी मिळते, पेक्टिनची जेली घट्ट होत नाही आणि ती जनावरांना घालणे धोक्याचे असते. बुरशीचे विष उकळूनही जात नाही. त्यामुळे साल सहा-आठ तासांत हाताळायची. ते जमणार नसेल तर सावलीत जाळीवर पातळ पसरून ठेवायची; गोणी मात्र बांधायची नाही.

दुसरी गोष्ट, साल कुठून आली ते पाहावे. दूरच्या बाजारासाठी ग्रेडिंग करून मेणाचा लेप दिलेल्या फळांची साल खाण्याच्या पदार्थांना चालत नाही. लेपात बुरशीनाशकही असू शकते, आणि साध्या धुण्याने ते पुरते निघत नाही. ज्यूसवाल्यांकडे बहुधा लेप न दिलेली चुरी (प्रतवारीत मागे राहिलेली बारीक फळे) येते, ती त्या मानाने बरी. तिच्यावरही बागेतल्या फवारण्यांचा अंश असतो, म्हणून खाण्याच्या पदार्थासाठी फळ रस काढण्याआधीच धुवावे, साल निघाल्यावर नव्हे.

आता तेल. संत्र्याच्या सालीच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनिन (limonene) नावाचा एकच घटक असतो. तो पाण्याहून हलका असल्याने वर तरंगतो आणि म्हणूनच वेगळा काढणे सोपे जाते. त्याचा उत्कलनबिंदू 176 अंश असला तरी वाफेबरोबर तो शंभर अंशांच्या आतच निघून येतो. छोट्या उद्योगासाठी वीस किलो साल मावेल असे स्टीलचे पिंप पुरते. तळाशी पाणी, त्यावर वीतभर उंचीवर जाळी आणि जाळीवर साल. साल पाण्यात बुडता कामा नये. बुडाली तर पेक्टिन पाण्यात उतरते, फेस येतो, तळाला चिकटते आणि तेलाला करपट वास लागतो. पुढच्या टप्प्याचे पेक्टिनही त्या पाण्यात गेलेले असते.

सालीचे तुकडे बोटभर रुंदीचे असावेत. मिक्सरमधून काढलेल्या लगद्यातून वाफ सारखी फिरत नाही. एक-दोन भोके पाडून निघून जाते आणि बाकी लगदा कोरडाच राहतो. पिंपाच्या तोंडापासून निघणारी वाफ स्टीलच्या नागमोडी नळीतून थंड पाण्याच्या टाकीत फिरवायची. नळीतून बाहेर येणारे पाणी हाताला कोमट लागले तर थंडावा कमी पडतोय असे समजावे. तेव्हा तेल हवेत उडते किंवा पाण्यात दुधाळ होऊन बसते. ते पाणी थंडच आले पाहिजे. पहिल्या पाऊण-एक तासात बहुतेक तेल येऊन जाते. तास उलटल्यावर चूल चालू ठेवणे म्हणजे सरपण जाळणे, शिवाय साल जास्त शिजून पेक्टिन तुटते. किलोभर ताज्या सालीला साधारण पाच मिलिलिटर तेल धरावे. फळाची पक्वता आणि सालीचा ताजेपणा यांवर ते कमी-जास्त होते. याहून फार मोठे आकडे सांगणाऱ्या यंत्रविक्रेत्याकडे मोजून दाखवण्याची मागणी करावी.

इथे दोन चुका महागात पडतात. पहिली, रबर किंवा पीव्हीसीची नळी. लिमोनिन थर्माकोल विरघळवते, रबर फुगवते; नळीचा वास तेलात येतो आणि जोड सुटतात. काच, स्टील किंवा टेफ्लॉनच वापरावे. दुसरी, जुन्या प्रेशर कुकरला नळी जोडून केलेला जुगाड. सालीचा तुकडा तोंडात अडकला की दाब कोंडतो, आणि आतल्या तेलाची वाफ पेट घेणारी असते. लिमोनिन साधारण 48 अंशांवरच ठिणगीने पेटू शकते. त्यामुळे काम उघड्या जागेत करावे, जमा होणारे तेल चुलीपासून दूर ठेवावे आणि वाफेच्या वाटेवर झडप बसवू नये.

तेलातले पाणी पूर्ण काढून, तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून थंड जागी ठेवावे. अर्धी रिकामी बाटली उन्हात राहिली तर लिमोनिनचे हवेशी संयोग होऊन बनणारे पदार्थ कातडीला खाज आणि ॲलर्जी आणतात. चेहऱ्याला लावायला म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या तेलाबद्दल आमचे मत सरळ आहे: विकू नये.

तेल काढल्यावर उरलेली साल शिजलेली असते. पेक्टिन मोडणारे विकर वाफेने मेलेले असते, म्हणजे पेक्टिनसाठी जी उकळी वेगळी द्यावी लागली असती ती आधीच दिली गेली. तेल आधी काढण्याचा खरा फायदा हाच. अशी पाच किलो साल कोमट पाण्याने दोनदा धुऊन पिळावी. त्यात साखर आणि कडूपणा जातो. मग स्टीलच्या पातेल्यात पंधरा लिटर पाणी घेऊन सायट्रिक ॲसिडने पाण्याचा पीएच (आंबटपणाचे माप) 2 ते 2.3 वर आणावा. कागदी पट्टीने तपासावे, अंदाजाने नको. सुमारे 85 अंशांवर तासभर ठेवून सावकाश ढवळावे. खळखळ उकळू देऊ नये. ॲल्युमिनियमचे पातेले नको, ॲसिड त्याला खाते. बोअरचे जड पाणीही नको, कारण त्यातले कॅल्शियम पेक्टिनला सालीतच धरून ठेवते आणि अर्क पातळ येतो. दुहेरी मलमलीतून आपोआप गाळू द्यावे. पिळले की अर्क गढूळ होतो.

अर्क जमला का हे पाहायला चमचाभर थंड अर्कात तीन चमचे स्पिरिट (अल्कोहोल) घालून दोन मिनिटे थांबावे. गोळा उचलता येईल असा थक्का आला तर अर्क चांगला. धाग्यांसारखे तुटक काही दिसले तर साल शिळी होती किंवा उष्णता जास्त झाली. हा नमुना फेकून द्यायचा, खायचा नाही. पेक्टिनची पावडर करायला मात्र अर्काच्या दुप्पट अल्कोहोल लागते, त्याला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि ते अल्कोहोल परत मिळवण्याची सोय नसेल तर हिशेब कधीच जुळत नाही. बचत गटांनी पावडरीच्या नादी न लागता द्रव अर्कच फ्रीजमध्ये आठवडाभरात वापरावा. पेरू किंवा संत्र्याच्या जेलीत तो सरस ठरतो. जेली बसायला साखर 65 टक्क्यांच्या आसपास आणि पीएच 3 ते 3.2 लागतो. यांतले एक चुकले तरी लोक पेक्टिनला दोष देतात. विक्रीसाठी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागतेच.

ज्यांना पेक्टिन करायचे नाही त्यांनी तेलानंतर थेट चाऱ्याकडे वळावे, आणि आमच्या मते बहुतेकांनी तेच करावे. सालीत आणि चोथ्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणून ती एकटी मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) सडते. शंभर किलो ओल्या सालीत पंचवीस किलो गव्हाचे किंवा तुरीचे कोरडे कुटार (भुसा) मिसळले की ओल 67-68 टक्क्यांवर येते. मुठीत दाबून पाहावे: पाणी ठिबकले तर कुटार वाढवा, गोळा फुटून सुटला तर साल वाढवा. दोनशे लिटरच्या पिंपात थर घालून पायाने तुडवावे, हवा राहू देऊ नये, वर प्लॅस्टिक आणि त्यावर वजन. तीन-चार आठवड्यांनी उघडल्यावर आंबटगोड वास आला तर काम झाले. दारूसारखा वास म्हणजे हवा शिरली. काळा किंवा हिरवा थर दिसला तर आजूबाजूच्या वीतभर भागासकट फेकावा.

दुभत्या गाईला दोन किलोंपासून सुरू करून आठवड्याभरात आठ-दहा किलोंपर्यंत न्यावे, तेही धार काढल्यानंतर. आधी दिले तर वास दुधात उतरतो. यात प्रथिने कमी असतात, म्हणून सरकीची ढेप बंद करता येत नाही. कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी, म्हणून खनिज मिश्रण हवे. लहान वासरांना देऊ नये. बिया जास्त असलेला चोथा कोंबड्यांना तर अजिबात नको. बियांतला कडू लिमोनॉइड त्यांना बाधतो.

बायोगॅसबद्दलही तीच गोष्ट. ताजी साल टाकली की लिमोनिन गॅस करणाऱ्या जिवाणूंना मारते आणि संयंत्र आठवडेच्या आठवडे बंद पडते. तेल काढलेली साल, शेणात थोडी-थोडी, चालते.

सालीच्या पावडरीचे थोडक्यात. मृग बहाराची (फेब्रुवारी ते एप्रिलात येणारी) साल फेब्रुवारी-मार्चात सावलीत सहज वाळते, आंबियाची डिसेंबरातल्या दवात वाळत नाही, बुरशी धरते. तेव्हा ड्रायर हवा आणि तोही 55 अंशांच्या वर नको. साल वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. चार किलोंतून किलोभर मिळाली तरी पुष्कळ.

आता बायो-एन्झाइम. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साल, एक लिटर पाणी, तीन महिने: कृती ठीक आहे, नाव चुकीचे आहे. तयार होते ते मुख्यतः पातळ व्हिनेगर. फरशी पुसायला, नळावरचे क्षार काढायला ते चांगले. संगमरवर आणि शहाबादी फरशीला मात्र खाते. ब्लीचिंगमध्ये कधीच मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. पहिला महिना झाकण रोज सैल करावे आणि काचेची बाटली वापरू नये. ते नागनदीत ओतून पाणी शुद्ध होते हा प्रचार थांबवावा. नदीत गूळ आणि आम्ल पडले की ते पचवताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही संपतो.

यासाठी पालिकेने काय करावे, तर फार काही नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ज्यूसच्या गाड्यांना दोन वेगळ्या बादल्या द्याव्यात, एक फक्त सालीची आणि एक चोथा-बियांची. ग्लास, नळ्या आणि नॅपकिन तिसरीकडे. साल संध्याकाळी एकदा आणि रात्री दुकान बंद होताना एकदा उचलावी. सकाळी उचललेली साल कंपोस्टशिवाय कशाच्याच कामाची नसते. कंपोस्टमध्येही ती एका वेळी ढिगाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, सोबत शेण आणि वाळलेला पाला हवाच. प्रक्रियेबाबत शंका असल्यास अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे; यंत्र विकत घेण्याआधी तिथे एक फेरी मारावी.

आपले,
फळप्रक्रियेच्या कामात असलेले काही जण, नागपूर