46व्या दिवशी काय होतं, अर्थमंत्री महोदया?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,
स. न. वि. वि.

नवं आर्थिक वर्ष लागलं आणि आठवड्याभरात एका बड्या खरेदीदार कंपनीचा मेल छोट्या पुरवठादारांच्या हाती पडला. व्हेंडर फॉर्म नव्याने भरा. पेमेंटची मुदत जीआरएनच्या (माल मिळाल्याच्या पावतीच्या) महिनाअखेरीपासून 90 दिवस. आणि 'उद्यम' या लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहा. सही करा, शिक्का मारा, परत पाठवा. ज्या कायद्याने आमचं रक्षण व्हायचं तो आम्हाला लागूच नाही, हे आमच्याच सहीने लिहून द्यायचं. म्हणून हे पत्र.

2023च्या अर्थसंकल्पात आपण प्राप्तिकर कायद्यात कलम 43बी(एच) आणलंत, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळेल, ही कल्पना चांगली होती. मुदत 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यातलीच: लेखी करार नसेल तर 15 दिवस, असेल तर जास्तीत जास्त 45. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 90 छापले तरी कायद्यापुढे 45च.

पण हे कलम वर्षातून एकदाच चावतं, 31 मार्चला. मे महिन्यातलं बिल कंपनीने फेब्रुवारीत दिलं, तर नऊ महिने लावूनही कराच्या दृष्टीने सगळं आलबेल, कारण पैसे त्याच वर्षात दिले गेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र परचेसवाल्यांना एकाएकी कायदा आठवतो. जुनी बिलं धडाधड निघतात, नव्या मालाला "चलनावर पाठवा, बिल 1 एप्रिलचं करा" असा फोन येतो. तरीही काही अडकलंच तर खर्च नाकारला जातो तो एका वर्षापुरता; पैसे दिले की पुढच्या वर्षी वजावट मिळते. मध्यम उद्योग आणि व्यापारी या कलमाबाहेर, त्यामुळे कटकट नको म्हणून ऑर्डरच तिकडे वळवता येते. सरकारी खाती तर प्राप्तिकर भरतच नाहीत. त्यांना काय चावणार?

आता एका बिलाचा हिशेब मांडतो. माल 10 लाखांचा, 18 टक्के जीएसटी धरून बिल 11 लाख 80 हजारांचं. पैसे 180व्या दिवशी आले असं धरा. पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) आणि 20 तारखेला 3बी (कर भरायचं रिटर्न) भरायचं. 1 लाख 80 हजारांपैकी काही कच्च्या मालावर आधीच दिलेल्या कराच्या क्रेडिटमधून वळतं होईल, उरलेलं रोख. ते क्रेडिटही फुकट आलेलं नसतं, पोलाद विकणारा जीएसटीसकट पैसे घेऊनच ट्रक सोडतो. म्हणजे पूर्ण कर आमच्या खिशातून गेला. खरेदीदार मात्र आम्ही रिटर्न भरल्याबरोबर त्याच 1 लाख 80 हजारांचं इनपुट क्रेडिट घेऊन मोकळा. आम्हाला एक रुपया न देता! त्याने ते क्रेडिट उलटवायचं, म्हणजे सरकारला परत करायचं केव्हा, तर 180 दिवस उलटून गेल्यावर. आम्हाला 20 तारीख, त्याला 180 दिवस. हे गणित कोणी मांडलं असेल ते असो, त्याने कधी उधारीवर माल विकलेला नाही एवढं नक्की.

पुढे बँक. 11 टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर नुसते 10 लाख 180 दिवस अडकले तर व्याज साधारण 54 हजार. सुट्या भागांच्या धंद्यात 8 टक्के नफा सुटला तर हात जोडावेत. म्हणजे 80 हजारांतले 54 हजार गेले. खरा फटका 91व्या दिवशी बसतो. बँकेला द्यायच्या माल-येण्यांच्या हिशेबात (स्टॉक स्टेटमेंटमध्ये) 90 दिवसांपलीकडची येणी बहुतेक बँका धरत नाहीत. 25 टक्के मार्जिन सोडून या बिलावर मिळणारी 8 लाख 85 हजारांची ड्रॉइंग पॉवर (पैसे उचलायची मर्यादा) एका रात्रीत नाहीशी होते. खातं ओव्हरड्रॉन दिसतं, मॅनेजरचा फोन येतो, आणि ते 90 दिवस तसंच राहिलं तर एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाचा शिक्का. माल वेळेत दिला, कर वेळेत भरला, आणि बुडवे ठरलो आम्ही.

आपले अधिकारी म्हणतील, कायद्यात व्याज आहे की. आहे ना! त्याच एमएसएमईडी कायद्याचं कलम 16: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट पावणेसात टक्के होता त्या काळात हा दर सव्वावीस टक्के. वरच्या बिलावर 46व्या दिवसापासून 180व्यापर्यंत सुमारे 92 हजार होतात. पण मागणार कोण? थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की त्या कंपनीची पुढची ऑर्डर संपली. असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कलम 18 म्हणतं. आधी समेट, मग लवाद, मग तारखा. निकाल लागलाच तर खरेदीदार 75 टक्के रक्कम भरून कोर्टात जातो. तोवर मशीनचे हप्ते कोणी भरायचे? पाण्यात राहून माशाशी वैर करा, असा सल्ला देणारा हा कायदा आहे.

म्हणूनच कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचताना गंमत वाटते. लघु उद्योगांची थकीत देणी आणि त्यावरचं व्याज कलम 22प्रमाणे तिथे दाखवावं लागतं. व्याजाच्या ओळीत बहुधा 'निरंक'. रकान्यात 'लागू नाही' लिहून घेतलं की निरंक व्हायला किती वेळ लागतो? मग तिमाही निकालानंतरच्या कॉलवर विश्लेषक अभिनंदन करतात: वर्किंग कॅपिटल सुधारलं, रोकड वाढली. ती रोकड कोणाची, हे तिथे कोणी विचारत नाही.

ट्रेड्सचं, म्हणजे बिलं वटवून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचं नावही आता सांगितलं जाईल. नोव्हेंबर 2024च्या अधिसूचनेने तिथे सक्तीने यायच्या कंपन्यांसाठी उलाढालीची मर्यादा 500 कोटींवरून 250 कोटींवर आणलीत, बरं केलंत. पण सक्ती नोंदणीची आहे. खासगी कंपनीने तिथे वर्षभरात एकही बिल स्वीकारलं नाही तरी चालतं, आणि तिने स्वीकारल्याशिवाय बिलावर पैसे मिळत नाहीत.

महोदया, माहिती नाही ही सबब तरी आता नको. 1 ऑगस्ट 2023पासून 5 कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचा आहे. ऑक्टोबर 2024पासून जीएसटी पोर्टलवर आयएमएस ही बिलं तपासायची सोय आहे. खरेदीदार तिथे बिल स्वीकारतो, नाकारतो, आणि काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. कोणतं बिल कोणाचं, किती तारखेचं, हे आपल्या सर्व्हरला ठाऊक आहे. आमचं रिटर्न एक दिवस उशिरा गेलं तर हाच सर्व्हर 50 रुपये रोजाने विलंब शुल्क न विचारता लावतो. मग 46वा दिवस त्याला मोजता येत नाही?

जीएसटी परिषदेच्या अध्यक्ष आपणच आहात, तेव्हा मागणी तिथलीच. सूक्ष्म-लघु पुरवठादाराच्या बिलासाठी 180 दिवसांचे 45 करा. उद्यम क्रमांक जीएसटी नोंदणीला जोडा, म्हणजे रकाना कोणाला रिकामा ठेवता येणार नाही. खरेदीदाराने पैसे दिल्याचा बँक संदर्भ टाकला नाही, तर 46व्या दिवशी त्याचं क्रेडिट आपोआप उलटवा. आमच्या तक्रारीची वाट पाहू नका. मालाबद्दल वाद असेल तर त्याने 15 दिवसांत लेखी कळवावं, कायद्यात ते आधीच आहे. आणि छोट्यांना कर पैसे आल्यावर भरू द्या. सेवा कराच्या काळात 50 लाखांपर्यंतच्या व्यक्तींना आणि भागीदारी फर्मना ही सवलत होती. तेव्हा देश बुडाला नव्हता.

उत्तर येईल ते आम्हाला ठाऊक आहे: विषय एमएसएमई मंत्रालयाचा, सुविधा परिषद राज्याची, करार खासगी. वसुलीच्या वेळी मात्र सगळी खाती एकाच पॅन क्रमांकावर एकत्र नांदतात.

तो फॉर्म अजून टेबलावर आहे. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचा आहे, नाहीतर व्हेंडर कोड बंद.

आपला,
'लागू नाही' असलेला एक पुरवठादार