मन्या, घड्याळ नको, पत्र लिही

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

गाढवा, ‘अण्णा सुखरूप घरी आले’ हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं, चौथ्या परिच्छेदात नाही! तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्रीचा दीड, अण्णांना स्वतःचा पत्ता आठवेना, आणि ड्युटी संपलेला एक हवालदार त्यांच्याजवळ पायरीवर बसून राहिला. खिशातल्या वीजबिलाच्या घडीवरून त्याने घर शोधलं, हे हुशारीचं झालंच. पण अण्णा वाटभर त्याला ‘मन्या’ म्हणून हाका मारत होते आणि तो प्रत्येक वेळी ‘हो अण्णा, आलंच घर’ म्हणत होता, तिथे मी पत्र बाजूला ठेवलं. मला जमलं असतं का रे? तिसऱ्या हाकेला मी ‘अहो आजोबा, मी मन्या नाही’ म्हटलं असतं.

आता तुझा प्रश्न, त्या हवालदाराचे आभार कसे मानायचे? त्याला घड्याळ द्यायचा विचार सोड. सरकारी नोकरांना भेटवस्तू घेण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं असतात. तुझ्या कृतज्ञतेपायी तो बिचारा अडचणीत यायचा. त्यापेक्षा त्याच्या ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना पत्र लिही आणि एक प्रत वरच्या कार्यालयाला पाठव. नाव, बक्कल नंबर (म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक), तारीख, वेळ, त्याने काय केलं, एवढंच. ‘खाकीतला देव’ वगैरे अजिबात नको. असली वाक्यं कुणालाही चिकटवता येतात, वीजबिलाची घडी फक्त त्यालाच. चांगल्या कामाची नोंद त्याच्या सेवेच्या कागदांत झाली तर ती घड्याळापेक्षा जास्त टिकेल.

हे सुचलं ते माझ्याच लाजिरवाण्या अनुभवावरून. कागदपत्रं हरवली तेव्हा एका ठाण्यात साध्या दाखल्यासाठी मला तीन हेलपाटे घालायला लावले होते, आठवतं? त्या रात्री मी दोन पानी तक्रार अर्ज खरडला, आणि तो योग्यच होता, आजही एक ओळ मागे घेणार नाही. पण त्याच ठाण्यातल्या ज्या महिला शिपायाने शेवटी स्वतः बसून काम करून दिलं, तिच्यासाठी मी चार ओळी लिहिल्या नाहीत. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

आपल्याला पोलीस आठवतो तो एक तर चिरीमिरीच्या गोष्टीत, नाही तर हुतात्मा झाल्यावर. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले १० पोलीस जवान मारले गेले, त्यांची ही आठवण. एका वर्षी मी संचलन बघायला मैदानाच्या कडेला उभा होतो. वर्षभरात कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्यांची नावं वाचत होते. हुद्दा, नाव, पुढचा हुद्दा, पुढचं नाव. दहा-बारा नावांनंतर माझं लक्ष उडालं, हे प्रामाणिकपणे सांगतो. यादी तर संपतच नव्हती.

तुकाराम ओंबळे मात्र यादीत हरवत नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात लाठी आणि समोर रायफल. या सहायक फौजदाराने गोळ्या झेलत नळी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण मला जास्त भावलं ते वेगळंच. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या, उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये अभ्यासकांनी ‘आयशियस तुकारामी’ हे नाव दिलं. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी कोळ्याच्या भाषेत आभार मानले! तू आयुष्यभर कारकुनी केलीस, तर आभारही कारकुनी पद्धतीने मान की, जावक क्रमांकासकट.

आणि जमलं तर पत्रात एक ओळ त्याच्या वेळेबद्दलही घाल. ड्युटी संपल्यावर तो थांबला होता, हे वरच्यांना कळू दे. बारा-बारा तासांनंतर बंदोबस्त लागला की घरी कधी जायचं याचा नेम नसतो. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. ‘पोलिसांना सलाम’ म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्यांच्या पाळ्यांबद्दल कधी विचारलं?

असो, माझं भाषण लांबलं. मसुदा आधी मला पाठव, तुझ्या ऱ्हस्व-दीर्घावर माझा काडीचा विश्वास नाही. आणि खाली तुझ्या सहीशेजारी अण्णांची सही घे. बाकी सगळं विसरले तरी सही अजून वळणदार करतात, असं तूच लिहिलंयस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिप्या