आमची लोकल उभी करून रिझर्व्ह सीटची गाडी पुढे काढता त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मार्चपासूनचं नवीन टाईमटेबल, बंद केलेल्या सकाळ-संध्याकाळच्या रॅपिड आणि लोकलचं दोन स्टेशनांवर ताटकळणं

नमस्कार,

मी साडेसहा वर्षं तुमच्या लाईनवर रोज प्रवास करते, सकाळी सैतामाहून टोकियोत ऑफिसला आणि संध्याकाळी परत. मुलगी चार वर्षांची आहे, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर तिचं होइकुएन, म्हणजे पाळणाघर आहे. पत्र आधी मराठीत लिहितेय कारण जपानीत तक्रार लिहायला बसलं की सभ्य शब्द शोधण्यातच सगळा वेळ जातो आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. ऑफिसमधली एक मैत्रीण त्याचं जपानी करून देणार आहे, दोन्ही एकत्रच पाठवतेय. आमच्या बिल्डिंगमधे अजून दोन मराठी घरं आहेत, त्यांनीही वाचलंय आणि त्यांचंही हेच म्हणणं आहे.

आधीच सांगते, माझी तक्रार गर्दीबद्दल नाही. मी टिटवाळ्यात वाढले, मुंबईच्या लोकलची गर्दी लहानपणापासून बघितलीय, त्यामुळे तुमच्या गाडीत खांद्याला खांदा लागला म्हणून कुरकुर करणाऱ्यांतली मी नाही. गाड्या वेळेवर येतात, स्वच्छ असतात, स्टाफ नीट बोलतो. मुलगी तान्ही असताना स्ट्रोलर घेऊन चढायचे तेव्हा तुमच्या स्टेशनवरच्या एका वयस्क कर्मचाऱ्यांनी किती वेळा मदत केलीय, ते मी विसरणार नाही. इतकी वर्षं ही लाईन मला आपली वाटली, म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

आता मुद्दा. मार्चच्या आधी सकाळी ७:१२ ची रॅपिड होती, ३४ मिनिटांत टर्मिनसला पोचायची. मार्चमधे टाईमटेबल बदललं आणि गर्दीच्या वेळेतल्या रॅपिड तुम्ही बंद केल्या, आता आमच्या स्टेशनवरून फक्त लोकल, आणि तिला लागतात ४७ मिनिटं. म्हणजे एका बाजूला १३ मिनिटं जास्त. ही १३ मिनिटं कुठून आली ते मी स्वतः घड्याळ लावून बघितलं, तीन आठवडे रोज. रॅपिड जी सहा स्टेशनं सोडून जायची तिथे आता गाडी थांबते, त्यात साधारण सहा मिनिटं जातात. ती मला मान्य आहेत, अगदी मनापासून मान्य आहेत, कारण त्या छोट्या स्टेशनांवरच्या लोकांना आधी पंधरा-पंधरा मिनिटं गाडीची वाट बघावी लागायची आणि आता त्यांची सोय झाली. पण उरलेली सात मिनिटं? ती गाडी नुसती उभी असते. एका स्टेशनवर चार मिनिटं, दुसऱ्यावर तीन, साईडच्या लाईनवर, दारं उघडी ठेवून, आणि बाजूने तुमची नवीन रिझर्व्ह सीटवाली गाडी धाडधाड निघून जाते. तिला सीटचे वेगळे पैसे आहेत आणि ती आमच्या स्टेशनवर थांबतही नाही, म्हणजे पैसे भरायची तयारी असली तरी आम्हाला तिचा उपयोग शून्य.

टिटवाळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही हो. कल्याणपर्यंत स्लो आणि फास्ट गाड्यांना वेगळे ट्रॅक आहेत, पण कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळांवरून जातात, त्यामुळे मेल पास करायची म्हणून लोकल थांबवून ठेवायची हे तिथलं रोजचं. माझी आई नोकरीसाठी व्हीटीला जायची, बावीस वर्षं गेली, आणि संध्याकाळी ती घरी कधी येणार हे आमच्या हातात नसायचं, तिच्याही हातात नसायचं. मी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून वाट बघायचे. पण तिथे निदान असं म्हणता यायचं की लांबून आलेली गाडी आहे, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं आहेत त्यात, जाऊ दे त्यांना पुढे. इथे मात्र आमच्याच लाईनवर, आमच्याच ऑफिसांना जाणारी गाडी आहे, आणि कोण पुढे जाणार ते फक्त जास्तीच्या पैशांवर ठरतंय.

दोनच ट्रॅक असले की मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायला पुढची कुठेतरी बाजूला घ्यावीच लागते, हे मला कळतं. टोकियोतल्याच ओदाक्यू लाईनला चार ट्रॅकचा प्लॅन १९६४ मधे ठरला आणि काम पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं, त्यामुळे उद्या चार ट्रॅक टाका असं मी म्हणत नाहीये. पण आहेत त्या दोन ट्रॅकवर कोणाला थांबवायचं आणि कोणाला सोडायचं हे तर तुमच्याच हातात आहे ना, ते काही रुळांनी ठरवलेलं नाही.

दुसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. गाडी पाच मिनिटं लेट झाली की तुम्ही लेट सर्टिफिकेट देता, वेबसाईटवरून पण मिळतं, ते दाखवलं की ऑफिसमधे कोणी काही बोलत नाही. आता मात्र मी रोज १३ मिनिटं उशिरा पोचते आणि सर्टिफिकेट मिळत नाही, कारण गाडी टाईमटेबलप्रमाणे बरोबर वेळेवर आहे. तुम्ही उशीर टाईमटेबलमधेच लिहून टाकलात, त्यामुळे कागदावर उशीर झालाच नाही. तुमच्या वर्षाच्या आकड्यांत आमची लाईन वेळेवर चालणारी म्हणूनच दिसेल, आणि त्या उभ्या गाडीत बसलेल्या आम्ही कुठेच दिसणार नाही.

संध्याकाळचं सांगते. मी १७:१५ ला ऑफिसमधून निघते. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत कायद्याने सहा तासांची ड्यूटी मिळत होती, ती संपली, त्यानंतर साहेबांशी बोलून बोलून ही वेळ मिळवली, याच्या आधी निघणं शक्य नाही. १७:३१ ची रॅपिड पकडली की १८:०५ ला स्टेशन, १८:१२ ला होइकुएनच्या दारात. नेहमीची वेळ १८:१५ पर्यंत, म्हणजे तीन मिनिटं हातात असायची. आता त्याच वेळेच्या लोकलने १८:१८ ला स्टेशन आणि धावत नाही गेले तर १८:२५ ला दारात. म्हणजे जादा वेळेचे पैसे, पण पैशांचं एक वेळ जाऊ दे. एप्रिलमधे एकदा पोचले तर बाकीच्या वर्गातले दिवे बंद झालेले, एकाच खोलीत दिवा होता आणि तिथे ती पाठीवर सॅक लावून, टोपी घालून, दाराकडे तोंड करून बसलेली. शिक्षिका म्हणाल्या साडेसहाच्या आधीच आलात, काही हरकत नाही. मुलगी काही बोलली नाही, रडली पण नाही, फक्त घरी जाताना विचारलं की आई तुझी ट्रेन आजपण थांबली का. तिला माहितीये ट्रेन थांबते. चार वर्षांच्या पोरीला माहितीये.

तुम्ही म्हणाल कोरोनानंतर प्रवासी कमी झाले, लोक घरून काम करतात, गाड्या कमी करणं भाग आहे. थोडं खरं आहे ते. जपानच्या वाहतूक मंत्रालयाच्याच आकड्यांत टोकियो परिसरातली गर्दीच्या वेळेतली सरासरी गर्दी २०१९ मधे गाड्यांच्या क्षमतेच्या १६३ टक्के होती ती २०२० मधे १०७ वर आली. पण तिथेच थांबली नाही, २०२३ मधे परत १३६ टक्क्यांवर गेली. माणसं परत येतायत आणि तुम्ही टाईमटेबल माणसं गेल्यासारखं करताय. दुपारच्या गाड्याही तासाला सहाच्या चार केल्यात. आमच्या शेजारच्या आजी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला जातात, चालायला हळू आहेत, एक गाडी डोळ्यासमोरून गेली की पंधरा मिनिटं प्लॅटफॉर्मवर उभ्या, कारण लिफ्टच्या बाजूला जिथे त्या उतरतात तिथे बाकच नाही. वयस्क आणि अपंग माणसांसाठीच्या बॅरियर-फ्री सोयींसाठी म्हणून मार्च २०२३ पासून टोकियोकडच्या बऱ्याच कंपन्या तिकिटावर १० येन जास्त घेऊ लागल्या, तुम्हीही घेता, आम्ही देतो, लिफ्ट आणि प्लॅटफॉर्मचे दरवाजे होणार असतील तर आनंदाने देतो. पण आजींना त्यातून एक बाक मिळाला असता तर बरं झालं असतं, हे त्या स्वतः म्हणणार नाहीत म्हणून मी लिहितेय.

मे महिन्यात एकदा सुट्टी होती तेव्हा मी मुद्दाम तिकीट काढून तुमच्या त्या नवीन गाडीत बसले, लाईनीवरच्या मोठ्या स्टेशनपर्यंत गेले. म्हटलं न बघता बोलायला नको. सीट छान आहेत, चार्जिंग आहे, शांत आहे. माझ्या डब्यात वीस माणसं पण नव्हती. आणि मधे त्या स्टेशनवरून जाताना खिडकीतून माझीच लोकल दिसली, साईडला उभी, दारं उघडी, आत माणसं दाटीने उभी, एक बाई मांडीवर झोपलेलं मूल सांभाळत बसलेली. सेकंदभरच दिसलं सगळं. मला त्या सीटवर नीट बसवेना.

याआधी एप्रिलमधे मी वेबसाईटच्या फॉर्मवरून हे थोडक्यात कळवलं होतं. उत्तर आलं की आपलं मौल्यवान मत संबंधित विभागाला कळवण्यात येईल. कोणत्या विभागाला, त्यांनी वाचलं का, काय म्हणाले, काहीच नाही. परत विचारलं तर तेच वाक्य परत आलं, अक्षरशः तेच. डिसेंबरमधे बदलाची घोषणा केलीत तेव्हाच्या पत्रकात लिहिलं होतं की सोय वाढवण्यासाठी हे बदल. कोणाची सोय ते मात्र लिहिलं नव्हतं, आणि रॅपिड बंद होणार हे तिसऱ्या पानावर खाली तक्त्यात होतं. मी ते फेब्रुवारीत बघितलं, तोपर्यंत सहा महिन्यांचा पास काढून झाला होता.

टाईमटेबल एकदा लागलं की वर्षभर हात लावता येत नाही असं स्टेशनवर एकाने मला सांगितलं. तसं नाहीये. मार्च २०२४ पासून टोकियोहून शेजारच्या चिबाला जाणाऱ्या केइयो लाईनवरच्या कम्युटर रॅपिड आणि गर्दीच्या वेळेतल्या साध्या रॅपिडही बंद करायचं ठरलं होतं तेव्हा चिबाच्या गव्हर्नरनी आणि चिबा शहराच्या महापौरांनी उघड विरोध केला, लोक बोलले, आणि टाईमटेबल लागू व्हायच्या आधीच सकाळच्या दोन रॅपिड ठेवायचं ठरलं, मग सप्टेंबरमधे परत बदल करून अजून रॅपिड वाढवल्या. म्हणजे होतं. आमच्यासाठी कोणी गव्हर्नर बोलत नाहीये, म्हणून आम्हीच बोलतोय.

मला हवंय ते असं. सकाळी सात ते आठमधे किमान दोन आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसहामधे किमान दोन रॅपिड परत आणा, पुढच्या मार्चची वाट न बघता. ते जमेपर्यंत निदान एवढं करा की एका लोकलला एकाच स्टेशनवर थांबवा, दोन ठिकाणी नको, रिझर्व्ह सीटची गाडी टर्मिनसवरून चार-पाच मिनिटं मागेपुढे केली तर हे होऊ शकतं का ते टाईमटेबल बनवणाऱ्यांना विचारा आणि होत नसेल तर का होत नाही ते आम्हाला लिहून कळवा. आकडे देऊन कळवा, मी समजून घेईन, मला समजतं. दुपारी तासाला परत सहा गाड्या करता येतात का तेही बघा. आणि आमच्या स्टेशनवर लिफ्टजवळ एक बाक ठेवा, याला तर टाईमटेबलची पण गरज नाही.

माझा पास सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतोय. त्याआधी उत्तर मिळावं, आणि या वेळी ते तयार छापील वाक्य नको, ज्यांनी हे टाईमटेबल बनवलं त्यांच्याकडून हवंय. त्यांना वाटलं तर त्यांनी कुठल्याही कामाच्या दिवशी १७:३१ च्या लोकलने माझ्याबरोबर यावं, मी सहाव्या डब्यात असते, पुढून दुसऱ्या दारापाशी.

आपली,
तुमच्या लाईनवरची रोजची प्रवासी
(सोबत: तीन आठवड्यांच्या वेळांची नोंद, पासची झेरॉक्स, जपानी अनुवाद, आणि बिल्डिंगमधल्या दोन मराठी कुटुंबांच्या व शेजारच्या आजींच्या सह्या)